ट्रस्ट एका शिक्षकाचा खर्च देतोय: स्पीच थेरपिस्ट मागायचा की खुणांचा वर्ग?

अशोकचौकी: कर्णबधिर मुलांची आम्ही सहा-सात घरं, महिन्यातून एका रविवारी जमतो. ओळखीचा एक ट्रस्ट वर्षभर एका शिक्षकाचा पगार द्यायला तयार आहे. बहुतेकांना स्पीच थेरपिस्ट हवाय. मला खुणांची भाषा शिकवणारा हवाय, आणि तोही मुलांना नाही, आम्हा आईबापांना शिकवणारा.

आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड. थेरपीत सांगितलं, एकच भाषा धरा, मराठी धरा. माझ्या आईचं मराठी मोडकंतोडकं. ती नातीशी बोलायचीच थांबली. अडीच वर्षांच्या पोरीपुढे आजी गप्प! खुणांना तेलुगू-मराठी लागत नाही. भारतीय सांकेतिक भाषेचा १०,००० शब्दांचा कोश २०२१ मध्ये आला, मोबाईलवर फुकट दिसतो. पण कोश बघून भाषा येत नाही, समोर माणूस लागतो.

जुळे_सोलापूरची_आई: दादा, राग मानू नका, पण पोरीचे महिने कशात घालवताय? कॉक्लिअर इम्प्लांटला (ऑपरेशन करून कानात बसवतात ते ऐकायचं मशीन) केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते, पण जन्मजात बहिरेपण असेल तर पाच वर्षांच्या आतच. आणि ऑपरेशन झालं म्हणजे संपलं नाही. मॅपिंगसाठी, म्हणजे मशीनचा आवाज पोराला जुळवून घ्यायला, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला किती खेपा घातल्या, मोजलं नाही. आज पोरगा चौथीत, साध्या शाळेत, वर्गात उत्तरं देतो. हात हलवून भागतंय म्हटल्यावर मूल तोंड कशाला उघडेल?

टॉवेलवाला: मी स्वतः बहिरा, वय ३४, टॉवेल कारखान्यात आहे. ताई, हेच माझ्या आईला सांगितलेलं. ती माझे हात धरून ठेवायची. सातव्या वर्षी मी ‘कमळ’, ‘बदक’ स्वच्छ म्हणायचो. त्याच वर्षी गड्ड्याच्या यात्रेत हरवलो. पोलिसाने काहीतरी विचारलं, मी म्हणालो, ‘कमळ’. खुणा अठराव्या वर्षी मित्रांकडून शिकलो. वडील कशाने गेले, हे मला आईने नाही, एका बहिऱ्या मित्राने समजावलं.

जुळे_सोलापूरची_आई: वाचून पोटात कालवलं. पण तेव्हा अशी मशीनं कुठे होती? बाळाला ऐकू येतं का बघायची बेरा तपासणी तरी इतक्या लहानपणी कोण करायचं? तुलना कशी करायची?

टॉवेलवाला: आंघोळीला मशीन काढता ना? वायर तुटली, बॅटरी संपली की पोरगा कोणत्या भाषेत असतो?

कागदवाले_काका: तुमचं चालू द्या. युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, सगळ्यांनी काढलंय का? तिघांकडे नसणार, पैज लावतो. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षं फुकट शिक्षण आहे. जवळची शाळा की विशेष शाळा, ते आपण ठरवायचं. ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणाले तर लेखी मागा. लेखी म्हटलं की आवाज खाली येतो.

अशोकचौकी: काका, तिघांकडे नव्हे, दोघांकडे कार्ड नाही! ताई, इम्प्लांटची फाईल आम्हीही दिलीय. पण नंबर लागेपर्यंत पोरीने बोलायचं कुणाशी? टॉवेलवाले दादा, या रविवारी याल का?

टॉवेलवाला: येतो. आजीला आणा.

जुळे_सोलापूरची_आई: मीपण येते, पोराला घेऊन. मत मात्र थेरपिस्टलाच देणार.