ओव्हरक्लॉक करण्याआधी रॅम बघा

ऑनबोर्ड ग्राफिक्सवर (वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या) चालणाऱ्या जुन्या, स्वस्त पीसीत गेम अडखळतात, म्हणून व्होल्टेज वाढवून प्रोसेसर ओव्हरक्लॉक करा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवा, असा सल्ला या चर्चेत वर आलाय. मला तो घाईचा वाटतो.

मुळात तुमच्या मशीनवर ते जमणार आहे का? इंटेलचे सहसा नावात 'के' असलेलेच प्रोसेसर अनलॉक्ड, म्हणजे वेग वाढवू देणारे, असतात (२०१४ चा पेंटियम जी३२५८ हा छान अपवाद). एएमडीच्या रायझनला सहसा तशी अडचण नाही, पण मदरबोर्ड ए३२० चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) असेल तर तिथेच विषय संपला, त्यावर ओव्हरक्लॉक होत नाही.

खरा फरक रॅममध्ये आहे. ऑनबोर्ड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, सगळं रॅममधूनच ओढावं लागतं. डीडीआर४-२४०० रॅमची एकच स्टिक (पट्टी) सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी देते, ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही एकाच वेळी वापरल्या जातात तेव्हा) दोन स्टिक ३८.४ जीबी. अशा पीसीत प्रोसेसरचे ३०० मेगाहर्ट्झ वाढवून जे मिळणार नाही, ते दुसऱ्या स्टिकने मिळतं. तेही जास्तीची उष्णता न वाढवता!

व्होल्टेजचं म्हणाल तर वीज त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२० वरून १.३५ व्होल्ट केलंत की त्याच क्लॉकलाही (प्रोसेसरच्या वेगालाही) वीज साधारण सव्वापट. स्वस्त बोर्डांच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) बहुतेकदा उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंकही नसतो. व्हीआरएम तापला की क्लॉक आपोआप खाली येतो आणि गेम आणखीच अडखळतो.

तरीही करायचंच असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला, व्होल्टेजला हात न लावता १००-१०० मेगाहर्ट्झने वर जा आणि दर टप्प्याला तापमान बघा. तुमच्या बोर्डाचं मॉडेल आणि रॅमच्या स्टिक किती, एवढं सांगाल का?