फ्रान्समध्ये दोघीच फिरतोय, वाटेत बारीकसारीक काही बिघडलं तर काय करता?

रानजाई:
नमस्कार मंडळी. मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण सप्टेंबरमध्ये १२ दिवस फ्रान्सला चाललोय, व्हिसा हातात आलाय, पॅरिसची आणि नीसची हॉटेलं बुक झालीत. पॅरिस ४ दिवस, तिथून ट्रेनने अव्हिन्यों, मग आर्ल, आणि शेवटी नीस. टूर कंपनी वगैरे नाही, सगळं आमचं आम्हीच ठरवलंय.

मोठ्या संकटांची काळजी तेवढी नाही, इन्शुरन्स काढलाय (व्हिसाला ३०,००० युरोचं कव्हर लागतंच). मला प्रश्न पडलाय तो रोजच्या छोट्या भानगडींचा. ट्रेन चुकली, कार्ड चाललं नाही, एकीचा पाय मुरगळला, एकमेकींची चुकामूक झाली, असलं काही. दोघींनाही फ्रेंच येत नाही. शिवाय ती शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाही. आणि खरं सांगायचं तर २२ वर्षांची मैत्री असली तरी सलग १२ दिवस आम्ही एका खोलीत कधी राहिलेलो नाही, तिकडे काही बिघडलं आणि त्यावरून आमच्यातच वाजलं तर काय, ही पण धाकधूक आहे. ज्यांना असे अनुभव आलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

पंचगंगाकाठ:
ताई, आमचा किस्सा सांगतो, तुम्हाला उपयोग होईल.

मी आणि माझा मित्र पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून कँपेरला चाललो होतो, म्हणजे पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांतात. स्टेशनवर पोचायला उशीर झाला, धावत पळत जो डबा समोर दिसला त्यात चढलो आणि बसलो. तिकडे काय असतं, टीजीव्हीच्या, म्हणजे तिकडच्या वेगवान ट्रेनच्या, दोन गाड्या एकमेकींना जोडून सोडतात, रेन स्टेशनला त्या सुटतात, एक ब्रेस्टला जाते दुसरी कँपेरला, आणि आतून एकीतून दुसरीत जायला वाटच नसते. आम्ही बसलो ब्रेस्टच्या भागात. टीसी आला, तिकीट बघितलं, शांतपणे म्हणाला रेनला उतरा आणि फलाटावरून पुढच्या गाडीत जा.

रेन आलं. मित्र दोन्ही बॅगा घेऊन पळाला आणि चढला. माझं जॅकेट वरच्या रॅकवर राहिलं होतं, ते घ्यायला मी मागे वळलो, त्यात मिनिट गेलं असेल नसेल. फलाटावर धावत पुढच्या गाडीपाशी पोचलो तर दार बंद. काचेतून तो मला दिसतोय, मी त्याला दिसतोय, तो आतून बटण दाबतोय पण दार काही उघडत नाही, आणि गाडी हलली. टीजीव्हीची दारं सुटायच्या २ मिनिटं आधी बंद होतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिकिटं दोघांची त्याच्या फोनवर, माझा फोन बॅगेत, बॅग त्याच्याकडे. माझ्याकडे पासपोर्टचं पाकीट आणि ते जॅकेट. आणि एवढ्या वर्षांच्या मित्राचा नंबर मला पाठ नाही!

वाचवलं कशानं तर बायकोनं निघताना एका कागदावर त्याचा नंबर, हॉटेलचा पत्ता आणि घरचा नंबर लिहून पासपोर्टच्या पाकिटात घातला होता. फलाटावर जॅकेट घातलेली रेल्वेची एक बाई होती, तिला कागद दाखवला, तिनं स्वतःच्या फोनवरून त्याला फोन लावून दिला, मग पेनानं त्याच कागदाच्या मागे पुढच्या गाडीची वेळ आणि फलाट नंबर लिहिला, खाली दोनदा रेघ मारली. गाडीत चढल्या चढल्या टीसीला स्वतःहून जाऊन सगळं सांगितलं. हे महत्त्वाचं आहे, त्यानं येऊन विचारायची वाट बघायची नाही. कँपेरला उतरलो तर हा गडी बाहेर बाकावर दोन बॅगा पायात धरून बसलेला, हातात लांब पावाचा अर्धा तुकडा, उरलेला अर्धा माझ्यासाठी कागदात गुंडाळून ठेवलेला. दोघं काही बोललो नाही, मी पाव खाल्ला आणि चालायला लागलो.

त्या रात्री आम्ही ठरवलं ते तुम्ही निघायच्या आधीच ठरवा. तिकिटं दोघींच्या फोनवर, प्रत्येकीनं आपलीच बॅग उचलायची, नंबर कागदावर, आणि चुकामूक झाली तर जी पुढे गेली तिनं पुढच्या स्टेशनवर न उतरता ठरलेल्या गावी जाऊन थांबायचं. दोघी एकमेकींना शोधत फिरलात तर दिवसभर भेटणार नाही. आणि चूक कुणाची हा विषय त्या दिवशी काढायचाच नाही.

भाकरवडी_ल्यों:
मी ल्योंला ६ वर्षं राहतेय, माहेर सातारा. पंचगंगाकाठ दादांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन.

रानजाई, तुझ्या रूटवर लगेच एक गोष्ट बघून घे. अव्हिन्योंला दोन स्टेशनं आहेत, अव्हिन्यों टीजीव्ही गावाबाहेर आणि अव्हिन्यों सेंटर तटबंदीला लागून. पॅरिसहून येणारी टीजीव्ही बहुतेक वेळा बाहेरच्या स्टेशनला थांबते, तिथून आत यायला छोटी ट्रेन आहे, ५ मिनिटांची. आर्लची लोकल गाडी पकडताना तिकिटावर कुठलं स्टेशन लिहिलंय ते नीट वाच, लोक इथे हमखास चुकतात. आणि पॅरिसला गार द ल्योंवरून निघशील तिथे दोन हॉल आहेत, हॉल १ मध्ये फलाटांना अक्षरं आणि हॉल २ मध्ये आकडे. फलाट साधारण २० मिनिटं आधी बोर्डावर लागतो, तोवर सगळे मान वर करून उभे असतात, तुम्ही पण तशाच उभ्या राहा, घाबरू नका.

मेट्रोचं नविगो ईझी कार्ड २ युरोला मिळतं, पण एका कार्डावर दोघी एकत्र जाऊ शकत नाही, प्रत्येकीचं वेगळं घ्यायचं. बाहेर पडेपर्यंत कार्ड हातात ठेवा, चेकर बाहेरच्या जिन्यापाशी उभे असतात आणि दंड जागेवर घेतात. टुरिस्ट आहे म्हणून सोडत नाहीत.

पाय मुरगळला, ताप आला, पोट बिघडलं तर आधी हिरव्या क्रॉसचं दुकान शोधायचं, फार्मासी. इथला फार्मासिस्ट नुसता गोळ्या विकत नाही, तुला बसवून घेईल, काय झालं विचारेल, बँडेज कसं बांधायचं तेही दाखवेल. मात्र अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय अजिबात मिळणार नाही, त्यामुळे आपल्या डॉक्टरांना विचारून थोडी औषधं आणि त्यांची चिठ्ठी घेऊन ये. साधी पॅरासिटामॉलसुद्धा काउंटरच्या मागे असते, मागावी लागते, नाव दोलिप्रान. रविवारी किंवा रात्री दुकान बंद असेल तर दारावर पाटी असते, त्या दिवशी कुठलं दुकान उघडं आहे त्याची. डॉक्टर खोलीवर यायला हवा असेल तर एस्ओएस मेदसँ म्हणून सेवा आहे, नंबर ३६२४. खरंच गंभीर असेल तर १५ किंवा ११२. पैसे दिलेस की पावती आणि डॉक्टर देतील तो कागद जपून ठेव, इन्शुरन्सवाले मागतातच, आणि दवाखान्यात जायच्या आधी जमलं तर पॉलिसीवरच्या मदतीच्या नंबरला फोन कर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुठेही शिरताना पहिला शब्द बोंजूर. दुकानात, बसमध्ये, रिसेप्शनला, पोलिसात सुद्धा. आपण सरळ एक्सक्यूज मी करून प्रश्न विचारतो, आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण इथे नमस्कार न करता प्रश्न विचारणं म्हणजे कुणाच्या घरात चप्पल घालून थेट स्वयंपाकघरात जाण्यासारखं आहे. मी पहिले सहा महिने समजत होते की इथली माणसं तुसडी आहेत. बोंजूर म्हणून एक श्वास थांबायला लागले, समोरच्याला उलट बोंजूर म्हणू द्यायला लागले, आणि तीच बेकरीवाली मला पाव कालचा आहे का आजचा ते स्वतःहून सांगायला लागली. काहीतरी बिघडलेलं असताना तर हा शब्द आधी हवाच.

हरभरा_डाळ:
शाकाहाराबद्दल लिहितो, कारण माझ्या मित्राचे हाल मी डोळ्यांनी बघितलेत.

फ्रान्समध्ये मांस नाही म्हटलं की काही ठिकाणी मासे चालतील असं धरतात, आणि लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे तर सॅलडमध्ये, कीशमध्ये (अंडं-क्रीम घालून भाजलेला खारा टार्ट) गपचूप असतात. कांद्याचं सूप शाकाहारी वाटतं पण पारंपरिक पद्धतीत ते गोमांसाच्या रश्श्यात करतात. नीसचं सॅलड मागवलंत तर त्यात ट्यूना, अँचोवी हे मासे आणि अंडं. त्यामुळे नुसतं व्हेजिटेरियन न म्हणता कागदावर फ्रेंचमध्ये लिहून घ्या: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, लार्दों नाही, रस्सा मांसाचा नाही. हॉटेलात रिसेप्शनवाल्याकडून लिहून घेतलेला कागद आम्ही १० दिवस वापरला, शेवटी घडीवर फाटला होता.

आणि नीसला पोचलात की सोक्का शोधा! हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बास. भल्यामोठ्या गोल तव्यावर लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि वरून मिरपूड. जुन्या नीसमध्ये आणि कूर सालेयाच्या बाजारात मिळतं. कडेला करपलेलं, आत मऊ. माझ्या मित्रानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, अरे हे तर आईचं बेसनाचं धिरडं, फक्त आले-मिरची राहिली. त्या दिवशी दोन प्लेटा खाल्ल्या त्यानं, आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

जेवणाच्या वेळा पण सांभाळा. दुपारी साधारण १२ ते २, रात्री ७ नंतर. अडीच वाजता भूक लागली तर लहान गावात किचन बंद झालेलं असतं. रविवारी बरीच दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी फळं, पाव, चीज घेऊन ठेवा. पाण्यासाठी उन काराफ दो म्हणायचं, नळाचं पाणी जगमध्ये येतं आणि त्याचे पैसे नाहीत.

रानजाई:
बाप रे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. अव्हिन्योंचं तिकीट आत्ता उघडून बघितलं, टीजीव्ही स्टेशनच आहे आणि आर्लची गाडी सेंटरवरून. मध्ये फक्त १५ मिनिटं ठेवली होती मी! बदलते आजच.

कार्डाचं कुणी सांगेल का? आणि पासपोर्ट हरवला तर?

भाकरवडी_ल्यों:
१५ मिनिटांत नाहीच जमणार, तासभर तरी ठेव.

कार्ड: बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं दोन्ही चालू करून ये, बरेच जण एटीएमचंच चालू करतात आणि मशीनपाशी अडतात. दोघींनी वेगवेगळ्या बँकेची दोन दोन कार्डं आणा, एक पर्समध्ये एक खोलीवर. आणि भारतातलं सिम काढून ठेवू नकोस, ओटीपी त्याच नंबरवर येतो. इथल्या इंटरनेटसाठी ई-सिम घे आणि भारतातलं सिम फक्त मेसेजसाठी चालू ठेव. माझ्या नणंदेनं सिम काढून डबीत घातलं आणि ती डबी साताऱ्यातच राहिली, हॉटेलचे पैसे भरायला दोन तास गेले.

पासपोर्ट: चोरीला गेला तर पोलिसात तक्रार, शहरात कोमिसारिया आणि खेड्यात जाँदार्मरी. पॅरिसमध्ये परदेशी पर्यटकांसाठी अनेक भाषांतला फॉर्म असतो. तो कागद घेऊन आपल्या वकिलातीत जायचं, पॅरिसला राजदूतावास आहे आणि २०२५ पासून मार्सेलाही भारताचं कॉन्सुलेट आहे, तुम्ही दक्षिणेत असाल तर तेच जवळ. घरी परतायला ते इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाच्या दोन झेरॉक्स काढ, तुझी तिच्या बॅगेत, तिची तुझ्या बॅगेत. दोन फोटो पण ठेव.

घाटरस्ता:
एक भर. आर्लहून कामार्गला (जवळचा पाणथळ प्रदेश) जायला गाडी भाड्यानं घ्यायचा विचार असेल तर पेट्रोल पंपावर जपून. गाझोल म्हणजे डिझेल, आणि एसांस म्हणजे पेट्रोल. आम्ही गॅस शब्द बघून पेट्रोल समजलो आणि नळी उचलली होती, मित्रानं टाकीच्या झाकणाच्या आतलं चिन्ह बघून हात धरला. युरोपात डिझेलला चौकोन आणि पेट्रोलला गोल अशी खूण असते, पंपावर पण आणि झाकणावर पण, ती जुळवायची, शब्द वाचायची गरजच नाही. हायवेला १३० ची मर्यादा आहे पण पाऊस पडला की ११०, कॅमेरे आहेत आणि दंड महिन्यानं भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येतो. एकीनं चालवायचं आणि दुसरीनं फक्त रस्ता बघायचा, फोन नाही, झोप नाही.

रानजाई:
गाडी नाही घेणार, बसनेच जाऊ. बाकी दोघींनी आत्ता व्हिडिओ कॉलवर बसून यादी केली, झेरॉक्सची अदलाबदल उद्या. ती म्हणतेय चार्जरचं काय, आपली प्लग बसते का तिकडे?

पंचगंगाकाठ:
दोन गोल पिनांची असेल, मोबाईलची, तर बसते. लॅपटॉपची तीन पिनांची बसत नाही, अडॅप्टर इथूनच घ्या, आणि दोन घ्या.