अनुभव धागा : आहुपे गावची देवराई आणि भोवतालचे पठार

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जिथे पठार संपून मुरबाडच्या बाजूला कडा कोसळतो, तिथे आहुपे गावची देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, आहे. ज्यांनी ती पाहिली आहे किंवा जे अशा राईलगत वाढले आहेत, त्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती. सुरुवात मी करते.

ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वाऱ्यामुळे उभेही राहवत नव्हते. राईत दहा पावले शिरताच वारा थांबला. माणसाच्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली झाडाझाडांवरून लोंबत होत्या, आणि बाहेरचा पाऊस ओसरल्यावरही पानापानांवरून पाणी कितीतरी वेळ निथळत राहिले. रात्री विजेऱ्या विझवून थांबलो. डोळे अंधाराला सरावल्यावर कुजक्या फांद्यांवर फिकट हिरवा उजेड उमटला. तो ओल्या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीचा होता. त्या उजेडात कोणी बोलले नाही.

—

माझे माहेर याच पट्ट्यातले, महादेव कोळी आदिवासींचे. उन्हाळ्यात आम्ही रानातला बाळहिरडा (हिरड्याची कोवळी, औषधी फळे) गोळा करून वाळवायचो, त्यावर घरचा बराच खर्च भागायचा. परंतु देवराईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही, असा आजीचा दंडक होता. सड्यावर कातळाला वीतभरही माती नाही, त्यामुळे एवढा पाऊस पडूनही पाणी घोड नदीच्या वाटेने निघून जाते आणि वैशाखात बायकांना हंडे घेऊन लांब जावे लागते. राईखालची पालापाचोळ्याची माती मात्र ओल धरून ठेवते, आणि आमच्याकडचा झरा त्या ओलीवरच टिकला.

—

१९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, त्याविषयी मी महाविद्यालयात वाचले, आणि आमच्या कोकणातल्या गावची राई तुटली तीही त्याच वर्षांत. देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसा हवा म्हणून गावाने झाडे विकली. आता आम्ही काहीजण तिथे पुन्हा झाडे लावत आहोत. गारंबी पूर्वी तिथे होती, असे वडीलधारे सांगतात. राईतून काही न्यायचे नसते, हे मी जाणतो. पण ओढ्याने वाहून राईबाहेर आलेल्या बिया उचललेल्या चालतील का, हे वर लिहिणाऱ्या माहेरवाशीण ताईंनी गावात विचारून कळवावे.