अमेरिकेतला ज्यू धर्म यापुढे फक्त ऑर्थोडॉक्स (कर्मठ) घरांतच उरणार का?

टिवल्याबावल्या (धागाकर्ता):
प्यू रिसर्च या सर्वेक्षण संस्थेच्या २०२० च्या पाहणीत अमेरिकेतल्या २७ टक्के प्रौढ ज्यूंनी 'धर्म कुठलाच नाही' असं सांगितलं. तिशीच्या आतल्यांत ४० टक्क्यांनी. बायबलमधला देव मानणारे फक्त २६ टक्के. उलट ऑर्थोडॉक्स एकूण ९ टक्के, पण तिशीच्या आत १७. त्यांना सरासरी ३.३ मुलं, बाकीच्यांना १.४. रिफॉर्म (सुधारणावादी), कॉन्झर्व्हेटिव्ह (मधल्या वाटेचे) हे पंथ दोन पिढ्यांत आटणार. धर्म उरेल तो किर्यास जोएल आणि लेकवुडसारख्या ऑर्थोडॉक्स वस्तीच्या गावांत. धर्म सोपा करायला गेले आणि हातचा घालवून बसले.

मोडीवाचक:
मार्शल स्क्लेर या समाजशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये नेमकं उलटं लिहिलं होतं, ऑर्थोडॉक्सच मोडीत निघाले म्हणून! शिवाय त्याच प्यूनुसार ऑर्थोडॉक्स घरात वाढलेल्या तिघांतला एक जण मोठेपणी ऑर्थोडॉक्स राहत नाही. पाळण्यातली डोकी मोजून सिनेगॉग (प्रार्थनागृह) भरत नाही.

टिवल्याबावल्या:
एकतृतीयांश गेले तरी ३.३ मधले दोनाच्या वर उरतात की. तुमच्या १.४ मधून काय उरणार? २०१० नंतर लग्न केलेल्या बिगर-ऑर्थोडॉक्सांपैकी ७२ टक्क्यांचा जोडीदार ज्यू नाही.

मोडीवाचक:
बाहेर लग्न झालं की मूल गेलं, हे कुणी ठरवलं? परंपरेने ज्यूपण आईकडून येतं. रिफॉर्मने १९८३ मध्ये वडिलांकडूनही मान्य केलं, मूल ज्यू म्हणून वाढवायच्या अटीवर. आजही सगळ्यात मोठा पंथ तोच आहे, ३७ टक्के.

खारेपाटी:
देवावर विश्वास किती, हा प्रश्नच मुळात ख्रिस्ती वळणाचा. ज्यूंत आचार आधी. आपल्या रायगडातले बेने इस्रायल बघा. शतकानुशतकं ना रबाय (धर्मगुरू), ना ग्रंथ. पण शनिवारी घाणा बंद, मुलाची सुंता आणि तोंडी 'शेमा' ही प्रार्थना. गावाने नाव ठेवलं शनवार तेली. त्यांची श्रद्धा कुणी टक्क्यांत मोजली? अमेरिकेतही ६२ टक्के ज्यू वल्हांडण सणाच्या सेडरला (विधीच्या जेवणाला) बसतात.

टिवल्याबावल्या:
खारेपाटी, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. शनवार तेली टिकले कारण लग्नं आपसातच व्हायची आणि दर शनिवारी धंद्यावर पाणी सोडायची तयारी होती. वर्षातून एकदा सेडरला जेवायला बसायला काय लागतं? दर आठवड्याला सिनेगॉगमध्ये जाणारे १२ टक्के आहेत.

खारेपाटी:
धंद्यावर पाणी सोडणं वेगळं, मुलांच्या शिक्षणावर वेगळं. न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये खासगी शाळांना इंग्रजी-गणित धड शिकवण्याचे नियम केले, तेव्हा हसिदी (ऑर्थोडॉक्सांतल्या अतिकर्मठ) समाजानेच कडाडून विरोध केला. ती पोरं उद्या पोट कशावर भरणार, हे तुमच्या ३.३ च्या हिशोबात कुठे आहे?

मोडीवाचक:
+१. कॉन्झर्व्हेटिव्हांपुरतं मात्र धागाकर्त्याशी सहमत. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडी चालवणं परंपरेने निषिद्ध; तरी गाडीने सिनेगॉगला यायची मुभा त्यांनी १९५० मध्येच दिली. तरुणांत आता उरलेत ८ टक्के.