पेशी म्हणजे सर्किट? जरा थांबा

तर्कटी
शेजारच्या धाग्यावर ठणकावून लिहिलंय: "पेशी म्हणजे सर्किट. मॉडेल चालवा, पेशी कळली." गप्प बसवत नाही. २००० सालचा रेप्रेसिलेटर घ्या, म्हणजे जीन जोडून जिवाणूत बसवलेलं घड्याळ. लॅक-आय, टेट-आर, सी-आय हे तीन रिप्रेसर, म्हणजे दुसऱ्या जीनचं काम बंद पाडणारी प्रथिनं. प्रत्येकाने पुढच्याला दाबायचं. समीकरणात घड्याळ फिरतं. ई. कोलाय या जिवाणूत मात्र सुमारे ४० टक्केच पेशींत ठराविक चढउतार (ठोके) दिसले, आणि विभाजनानंतर दोन बहीण-पेशींचेही ठोके जुळेनात.

मोजपट्टी
पुढचं सोयीस्कर गाळलंत! २०१६ मध्ये हेच घड्याळ सुधारलं. रिप्रेसरवरचे विघटन-टॅग (प्रथिन लवकर मोडायला लावणाऱ्या खुणा) काढले, टेट-आरला चिकटायला प्लाझमिडवर, म्हणजे जिवाणूतल्या छोट्या गोल डीएनएवर, जादा जागा दिल्या. आधी रिप्रेसरचे रेणू अगदी मोजके उरल्यावर स्विच उलटायचा, म्हणून वेळ चुकायची. उंबरठा वर गेला नि ठोके नियमित झाले. या गोंगाटाचं, म्हणजे यादृच्छिक चढउताराचं, मूळ गणितानेच दाखवलं.

जाळीदार
नुसत्या गणिताने नाही हो. बारीक नळ्या कोरलेल्या चिपमध्ये जेमतेम एक मायक्रॉन रुंद, एका टोकाला बंद अशा खाचांत एकेक पेशी पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवली, तेव्हा कळलं. पण चिपवाल्यांची एक खोड डोक्यात जाते: फ्रिजमधलं मीडियम (पेशींचं पोषक द्रव) थेट ३७ अंशांच्या चिपमध्ये सोडायचं! तापताच विरघळलेला वायू सुटतो, बुडबुडा प्रवाह अडवतो, पेशी खरवडून निघतात. मग तोच आलेख "ताणाला प्रतिसाद" म्हणून छापायचा. आधी मीडियम कोमट करा, व्हॅक्यूमखाली वायू काढा.

मोजपट्टी
हा दोष घिसाडघाईचा, इंजिनिअरिंगचा नव्हे. चिप ज्या सिलिकॉन रबराची करतात त्या पीडीएमएसचा बेस नि तो घट्ट करणारा क्युरिंग एजंट वजनाने १०:१, बुडबुडे संपेपर्यंत व्हॅक्यूम, मगच ओव्हन. पृष्ठभाग चिकटण्याजोगा करणाऱ्या ऑक्सिजन प्लाझ्मानंतर लगेच काचेला चिकटवून पाणी भरायचं. उशीर केलात तर पृष्ठभाग पुन्हा पाणी झटकायला लागतो आणि कोपऱ्यांत हवा अडकते.

तर्कटी
विषय काय, चाललंय काय! २०१६ च्याच किमान जीनोमकडे, म्हणजे जगण्यापुरतेच जीन ठेवलेल्या जिवाणूकडे बघा: ४७३ जीन, त्यांतल्या १४९ चं काम ठाऊक नव्हतं. काढले की पेशी मरते किंवा रखडते. ते कुठल्या समीकरणात बसवणार?

मोजपट्टी
नाही बसवता येत, मान्य. पण भाग काढून चालतंय का बघायची रीत आमची इंजिनिअरांचीच. तिच्यामुळेच ती यादी तुमच्या हाती आली.

जाळीदार
रीत तुमची, तर हेही सांभाळा. पीडीएमएस पाण्याला नावडणारे छोटे रेणू शोषून घेतं. सिरिंजमधली मात्रा पेशीपर्यंत पोचलीच असं धरून डोसचा आलेख काढू नका. चिपच्या बाहेर पडणाऱ्या मीडियममधलं औषध मोजा, मग आकडा लिहा.