मदत हवी आहे: कृषी केंद्रात भावफलक नाही, बिलही देत नाहीत

यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. युरियाच्या 45 किलोच्या गोणीवर 266 रुपये 50 पैसे छापलेत, दुकानदार 300 च्या वर घेतो, वरून लिंकिंग, म्हणजे युरियासोबत दुसरा माल घ्यायची सक्ती. साठा-भावफलक नाहीच. खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणे फलक आणि बिल दोन्ही बंधनकारक आहेत, हे त्याला सांगून पाहिलं. कृषी कार्यालयात गेलो तर बिल मागतात. तेच तर मिळत नाही! पॉस मशीनवर (खतविक्रीची नोंद करणारं यंत्र) अंगठा घेतात, पावती देत नाहीत. गोणीचे, दुकानाच्या दर्शनी भागाचे फोटो आहेत. डवरणी झाली, खत आत्ताच लागते. उधारीवाले शेतकरी नाव द्यायला भितात.

बिलाशिवाय, नाव गुप्त ठेवून तक्रार कोण घेतं, कृषी विभागाचा गुणवत्ता नियंत्रण निरीक्षक की वैधमापन (वजन-मापं तपासणारा विभाग)? पॉसवरची नोंद पुरावा म्हणून मागता येते का?