घरी अल्बम ध्वनिमुद्रित करताना ड्रम्सचे काय करावे?

चौथी_तार (मूळ प्रश्न)

आमचा चार जणांचा रॉक बँड आहे. ड्रम्स, बेस आणि दोन गिटार अशी मांडणी असून गिटारवादकांपैकी एक जण गातो. पूर्ण अल्बम होईल इतकी गाणी बसली आहेत आणि ती कोणत्याही कंपनीच्या पाठबळाविना, स्वतःच्याच साधनांवर मुद्रित करण्याचे आम्ही ठरवले आहे. हाताशी आठ इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्यांचा सिग्नल लॅपटॉपमध्ये पोहोचवणारे यंत्र), बऱ्यापैकी वेगवान लॅपटॉप, दोन कंडेन्सर माइक, दोन डायनॅमिक माइक आणि पायाने वाजवल्या जाणाऱ्या किक ड्रमसाठीचा एक माइक आहे. सरावाची खोली जेमतेम साडेतीन मीटर लांबीची असून तिचे छत बरेच खाली आहे.

खरी अडचण ड्रम्सची आहे. आमच्या ड्रमरच्या मते ड्रम्सपुरता स्टुडिओ भाड्याने घ्यावा आणि बाकी सर्व घरी करावे. एका गिटारवादकाला इलेक्ट्रॉनिक ड्रम्स वाजवून नंतर त्यांवर तयार आवाज चढवणे सोयीचे वाटते. मी बेस वाजवतो, आणि मला असे वाटते की चौघांनी एकत्र वाजवल्याशिवाय या गाण्यांत जीव येणार नाही. पण एकत्र वाजवले की प्रत्येक माइकमध्ये सगळ्यांचाच आवाज शिरतो आणि नंतर दुरुस्तीला वाव उरत नाही. क्लिक (कानात वाजत राहणारा तालाचा ठोका) लावावा की नाही, याबाबतही आमच्यात एकमत नाही. ज्यांनी असे काम तडीस नेले आहे त्यांनी कोणता क्रम ठेवला, हे जाणून घ्यायचे आहे.

टिपरू

इलेक्ट्रॉनिक ड्रम्सचा पर्याय आधी बाजूला ठेवतो. किक आणि स्नेअर (कडक आवाजाचा मुख्य ड्रम) यांचे मुद्रित नमुने आज इतके चांगले मिळतात की दाट मिक्समध्ये फरक ओळखणे अवघड जाते. परंतु हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) किंचित उघडताना किंवा राइड सिंबलवर (मोठ्या झांजेवर) टिपरू मध्यापासून कडेकडे सरकताना जो आवाज क्षणोक्षणी बदलत जातो, तो पॅडवर येत नाही. रॉकमध्ये गिटारच्या वरचा जवळपास सगळा पट्टा सिंबलनेच भरलेला असल्यामुळे ही उणीव अल्बमभर जाणवत राहते.

तुमचा खरा शत्रू खालचे छत आहे. ओव्हरहेड माइक (ड्रम्सच्या वर लावलेला) छतापासून ३० सेंटिमीटर खाली असेल, तर छतावरून परतणारा ध्वनी थेट येणाऱ्या ध्वनीपेक्षा सुमारे ६० सेंटिमीटर जास्त अंतर कापून, म्हणजे साधारण १.७५ मिलिसेकंद उशिरा माइकमध्ये पोहोचतो. हे दोन ध्वनी मिसळले की २८५ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या विषम पटींवर खड्डे पडतात, स्नेअरचे अंग पोकळ वाटू लागते आणि कोणतेही ईक्यू (स्वरपट्ट्यांची पातळी कमीजास्त करणारे साधन) ते पूर्ववत करू शकत नाही. किटच्या वर किमान १० सेंटिमीटर जाडीचे रॉकवूलचे (ध्वनी शोषणाऱ्या खनिज लोकरीचे) पॅनल टांगल्यास हा दोष पुष्कळ कमी होतो. (अंड्यांचे ट्रे लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो नम्रपणे नाकारावा, ते खालच्या आणि मधल्या स्वरांवर काहीच परिणाम करत नाहीत.)

माइक मोजकेच असल्यामुळे ग्लिन जॉन्स या इंग्रज ध्वनिमुद्रकाच्या नावाने ओळखली जाणारी चार माइकची रचना तुम्हाला सोयीची पडेल. एक ओव्हरहेड स्नेअरच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या असलेल्या मोठ्या ड्रमच्या) बाजूने स्नेअरकडे रोखलेला, आणि जोडीला किक व स्नेअर यांचे जवळचे माइक. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून नेमक्या सारख्या अंतरावर हवेत, आणि हे अंतर दोरीने मोजावे. नुसत्या ३४ सेंटिमीटरच्या फरकाने एक मिलिसेकंदाची तफावत पडते आणि स्नेअर एका बाजूला ओढल्यासारखा ऐकू येतो.

इतके करूनही माझे मत तुमच्या ड्रमरच्याच बाजूने आहे. खोलीचा आवाज एकदा ड्रम्सच्या मुद्रणात शिरला की तो काढता येत नाही. उंच छताची खोली थोड्या वेळापुरती मिळत असेल तर ती घ्यावी, गाइड ट्रॅक (वाजवताना ऐकण्यापुरते कच्चे मुद्रण) आणि क्लिक घरूनच तयार करून न्यावेत, आणि तिथे फक्त ड्रम्स करून परतावे.

मंद्र_सप्तक

टिपरू यांचे गणित बिनचूक आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. तासावर घेतलेल्या स्टुडिओत ड्रमर एकटाच हेडफोनमधल्या निर्जीव गाइड ट्रॅकवर वाजवतो, घड्याळाकडे पाहत ‘चालण्याजोगा’ टेक (एका दमात वाजवलेले मुद्रण) स्वीकारतो, आणि मग उरलेले तिघे महिनोन्महिने त्या टेकच्या मागे फरफटतात. घरी काम करण्याचा सर्वांत मोठा लाभ वेळेचा आहे. तोच नेमका ड्रम्सच्या बाबतीत सोडून द्यावा, हे मला उलटे वाटते.

आवाज एकमेकांत शिरण्याची भीती निराळ्या रीतीने दूर करता येते. चौघांनी एकत्रच वाजवावे, पण खोलीत प्रत्यक्ष आवाज फक्त ड्रम्सचा असावा. बेस आणि दोन्ही गिटार थेट इंटरफेसमध्ये घ्याव्यात, लॅपटॉपवरील ॲम्प सिम्युलेटरमधून (ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) त्यांचा आवाज सर्वांच्या बंद हेडफोनमध्ये द्यावा, आणि गायकाने शेजारच्या खोलीत बसून गाइड म्हणून गावे. ड्रम्सचे चार, बेसचा एक, गिटारचे दोन आणि गायनाचा एक असे बरोबर आठ इनपुट होतात, आणि तुमचे पाचही माइक त्यात बसतात. ड्रम्सच्या माइकमध्ये गिटारचा लवलेशही नसल्यामुळे नंतर गिटार बदलली तरी ड्रम्सला धक्का लागत नाही. शिवाय गिटारचा कोरा सिग्नल जपून ठेवला, तर तोच पुढे री-ॲम्प करून खऱ्या ॲम्पमधून पुन्हा मुद्रित करता येतो.

यात दोन अडथळे येतील. आठ इनपुटच्या अनेक इंटरफेसमध्ये गिटार थेट जोडण्याजोगे हाय-झेड इनपुट दोनच असतात, म्हणून तिसऱ्या वाद्यासाठी डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल माइकच्या इनपुटला चालेल असा करणारे यंत्र) लागेल. आणि चार जणांसाठी वेगळा हेडफोन ॲम्प्लिफायर घ्यावा लागेल. लॅटन्सी (वाजवल्यापासून ऐकू येईपर्यंतचा विलंब) कमी राहावी म्हणून बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सँपलवर किंवा त्याखाली ठेवा. ४८ किलोहर्ट्झला तो २.७ मिलिसेकंद इतका होतो, आणि इंटरफेसचा स्वतःचा विलंब धरूनही वाजवताना अडखळायला होत नाही, मात्र त्या वेळी लॅपटॉपवर जड प्लगइन चालू ठेवू नयेत.

क्लिक केवळ ड्रमरच्या कानात असावा. तुमची गाणी कोरसला स्वाभाविकपणे वेग घेत असतील, तर सबंध गाण्याला एकच वेग लादण्याऐवजी क्लिकचाच वेग तिथे एक-दोन बीपीएमने (मिनिटातील ठोक्यांनी) वाढवून ठेवता येतो. आणि एखादे संथ गाणे क्लिकशिवाय अधिक चांगले होत असेल तर ते तसेच करावे; त्या गाण्यात टेक जोडणे अवघड होते इतकेच.

चौथी_तार

आठ इनपुटची वाटणी पाहून आमच्याकडचा वाद जवळजवळ मिटला. ड्रमरने छताला पॅनल लावण्याच्या अटीवर संमती दिली आहे. आता पुढची चिंता गिटारची आहे. कोरा सिग्नल जपून ठेवायचा म्हटले की आमचे दोघे गिटारवादक टोनचा निर्णय कायमचा लांबणीवर टाकतील, हे मला आत्ताच दिसत आहे. मिक्सिंग आम्ही स्वतः त्याच खोलीत करावे, की बाहेर द्यावे?

पार्श्वध्वनी

तुमची शंका रास्त आहे, आणि घरगुती ध्वनिमुद्रणातले बहुतेक अल्बम साधनांच्या अभावी नव्हे तर याच कारणाने अडकून पडतात. टास्कॅम कंपनीने १९७९ साली पोर्टास्टुडिओ बाजारात आणला, तेव्हा साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मिळत असत. त्यापलीकडे जायचे तर तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र उतरवून ते तिन्ही पुसावे लागत, म्हणजे पुढचे वाद्य वाजवण्यापूर्वीच आधीच्या तिघांचा मिक्स कायमचा ठरून जाई. आज ट्रॅकना मर्यादा नाही, म्हणून ती बँडने आपणच घालून घ्यावी. माझा आग्रह असा की प्रत्येक गाण्याच्या गिटारचा टोन ठरला की त्याचा ऑडिओ उतरवून घ्यावा, कोरा सिग्नल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावा आणि तो प्रोजेक्टमधून काढावा. पुन्हा तिकडे वळायचे असेल तर चौघांची संमती लागेल, असा नियम करा.

टोनबद्दल एकच सांगतो. मंचावर शोभणारे डिस्टॉर्शन मुद्रणात बहुधा जास्त होते. गेन (डिस्टॉर्शन ठरवणारी पातळी) उतरवून तोच भाग दोनदा वेगळा वाजवावा आणि एक टेक डावीकडे, एक उजवीकडे ठेवावा. एकाच टेकची प्रत काढून दोन बाजूंना ठेवल्यास रुंदी वाढत नाही, आवाज फक्त मोठा होतो.

मिक्सिंग स्वतः करण्यास माझी हरकत नाही, पण त्या खोलीत बेसबद्दल कोणताही निर्णय कानांवर विसंबून घेऊ नका. समोरासमोरच्या भिंतींत साडेतीन मीटर अंतर असेल तर ४९ हर्ट्झला स्थिर लहर उभी राहते, आणि बेसच्या सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा स्वर नेमका तेवढाच असतो. खोलीच्या मध्यावर बसलात तर तो स्वर जवळजवळ नाहीसा होईल, भिंतीला टेकलात तर घुमेल. दोन्ही वेळा तुम्ही बेसच्या ट्रॅकला दोष द्याल. लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसणे हा सुरुवातीचा चांगला मुक्काम आहे. त्यानंतर खालचे स्वर उघड्या पाठीच्या हेडफोनवर तपासावेत.

मुद्रण २४ बिटमध्ये करा आणि शिखरे उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिव्यापर्यंत पातळी चढवण्याचे आता कारणच उरलेले नाही. ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ पुरेसे आहेत. ९६ घेतल्याने फाइलींचा आकार दुप्पट होईल आणि लॅपटॉप आधी दमेल. मास्टरिंग (तयार मिक्सला अंतिम रूप देण्याचे काम) मात्र बँडबाहेरच्या व्यक्तीकडे द्यावे, अशी माझी ठाम सूचना आहे, कारण वाजवणाऱ्याला स्वतःचे वाद्य नेहमीच हळू वाटते. स्पॉटिफाय गाणी सर्वसाधारणपणे उणे १४ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मोठेपणाचे माप) या पातळीवर आणून वाजवते, त्यामुळे लिमिटरने (शिखरे छाटणाऱ्या साधनाने) दाबून गाणे अधिक मोठे केल्यास तिथे ते खालीच आणले जाते आणि हाती फक्त चेपलेले ड्रम्स राहतात. मास्टरिंगला देताना मिक्सच्या शेवटी लिमिटर नसावा.

टिपरू

घरीच करायचे ठरले आहे तर विरोध मागे घेतो, पण ड्रम्सची कातडी मुद्रणाच्या एक-दोन दिवस आधी बदला, म्हणजे ती ताणून स्थिर होतील, आणि स्नेअरचा सूर प्रत्येक गाण्यापूर्वी तपासा. प्रत्येक बैठक संपल्यावर, माइक जागचे न हलवता, किक, स्नेअर आणि प्रत्येक टॉमचे सुटे आघात हळू, मध्यम आणि जोरात असे मुद्रित करून ठेवा. आवाज पूर्ण विरेपर्यंत कोणीही हलू नये. एखाद्या चांगल्या टेकमध्ये एखादा आघात हुकला असेल, तर त्याच किटचा, त्याच खोलीतला आघात तिथे बसवता येईल आणि सबंध टेक टाकून द्यावा लागणार नाही.